कुंपणालगतची झाडं

थोआ आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला क्वात आणि लिंबू यांतला फरक कळत नव्हता. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने बाबांच्या झाडावरची चार पिवळी फळं तोडून त्यांचं सरबत केलं. तेही तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या तोंडावर, जेव्हा एकेका फळासाठी आम्ही जीव टाकत असतो. ती समुद्राकाठच्या मिठागरांतली पोर, तिला झाडाचं काय कळणार? मला वाटलं, आता बाबा तिला फाडून खातील. बाबा हसले. म्हणाले, "आंबट होतं का गं?"

मी तोडली असती तर कान उपटून हातात दिला असता.

आमच्या तू लिएन गावात नदीच्या गाळात सगळे क्वातच लावतात. पुरुषभर उंचीचं झाड, बारमाही हिरवीगार चकचकीत पानं आणि बोटाच्या पेराएवढी नारिंगी फळं. खाण्यासाठी नाही, तेतला बैठकीच्या खोलीत ठेवण्यासाठी. गिऱ्हाईक येतं, झाडाभोवती फिरतं आणि त्यावर पिकलेलं फळ, हिरवं फळ, फूल आणि कोवळी पालवी शोधतं. ही सगळी एकाच वेळी एकाच झाडावर हवीत, म्हणजे घरात पणजोबापासून पणतूपर्यंत सगळे सुखाने नांदतात म्हणे. नुसत्या पिवळ्या झाडाकडे कोणी ढुंकून बघत नाही.

हे असं सगळं एकदम यायला झाडाला सहाव्या महिन्यात छळावं लागतं. ऐन उन्हाळ्यात ते मातीच्या गोळ्यासकट उपटायचं, सावलीत ठेवायचं आणि पाणी तोडायचं. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि त्या भीतीने ते पुढे फुलतं. याला आम्ही उचलणी म्हणतो. उपटायला काय, कोणालाही येतं. परत मातीत कोणत्या दिवशी लावायचं, तिथे खरी मेख आहे. लवकर लावलं तर नुसती पानंच पानं. उशीर झाला तर चुलीत घालायच्या कामाचं. तो दिवस ओळखणं ही प्रत्येक घराची आपापली विद्या, आणि ती विद्या सुनेला देतात, मुलीला देत नाहीत. मुलगी उद्या दुसऱ्याच्या बागेत जाणार. सून इथेच राहणार, इथेच मरणार.

मी जन्मले त्या वर्षी बाबांनी एक रोप मोठ्या रांजणात लावलं होतं. ते त्यांनी कधी विकलं नाही. दर तेतला ते पितरांच्या देवघरासमोर उभं राहायचं. घरात सगळे त्याला 'लुआचं झाड' म्हणायचे, कारण लुआ माझं नाव. लहानपणी त्याचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचं काम माझं. धाकटा भाऊ खांग पतंगामागे धावायचा आणि मी नदीवरून पाण्याच्या कावडी आणायचे. बाबांचा उजवा हात मीच होते, असं मी समजत होते.

मग बिन्हच्या घरून सुपारीचं तबक आलं, माझं लग्न ठरलं. त्या वर्षीच्या उचलणीला मी नेहमीसारखी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून बागेच्या फाटकाशी गेले, तर बाबा आडवे उभे.

"लुआ, आता तू आत यायचं नाहीस."

"अहो बाबा, तुमचा गोळा धरणार कोण? खांग? त्याला धड चप्पल धरता येत नाही."

"धरेल कोणीतरी. तू आईला मदत कर जा."

मी गेले. चुलीपुढे बसून रडले आणि धूर डोळ्यांत गेला असं आईला सांगितलं. मला विद्या नको होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले. खरं तर मला दुसरं काहीच नको होतं.

त्यातही नशिबाची थट्टा बघा. बिन्हची बाग नेमकी आमच्या बागेला लागून. मधे फक्त बांबूचं कुंपण. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझी पेटी उघडून कपडे चाळले आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या कारागिराची लेक, बापाची विद्या आणलीस की नुसते कपडेच?" मी मान खाली घालून भात वाढत राहिले.

मग खांगचं लग्न झालं, थोआ आली, आणि जे मला पाण्याच्या कावडी वाहून मिळालं नाही ते तिला सरबत करून मिळालं. पहिल्या उचलणीला बाबा तिला हाताला धरून बागेत घेऊन गेले. मी कुंपणाच्या या बाजूला कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून सगळं बघत होते. हातात नाळीच्या भाजीची जुडी, म्हणजे कोणी पाहिलंच तर भाजी निवडत होते म्हणायला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. 'लुआचं झाड' रांजणातून काढताना तिने एक फांदी मोडली, आणि बाबा म्हणाले, "असू दे, येईल दुसरी." माझ्या झाडाची फांदी!

पण बघायचं मी सोडलं नाही. दरवर्षी बाबा उपटलेली झाडं कुंपणाच्या बाजूला ओळीने मांडायचे. पहाटे पहाटे थोआला घेऊन यायचे. एक पान तोडायचे, उभं दुमडायचे, तिच्या कानाशी न्यायचे. मग बोलायचे, तेही एवढ्या मोठ्याने की कोंबड्या दचकायच्या. "कडकन वाजलं ना? म्हणजे अजून तरतरी आहे! आज नाही!" म्हातारपणी कान गेले की माणसं अशीच ओरडतात, मला वाटायचं. ज्या दिवशी पान वाजायचं नाही आणि दुमडलं की तसंच अर्धवट मिटून राहायचं, त्या दिवशी बाबांची आरोळी यायची, "आज लावायचं!" मी तशीच उठून बिन्हला हलवायचे. "ऊठ, फावडं घे."

"आजच का?" बिन्ह डोळे चोळत विचारायचा.

"मला कळतं."

तेवढ्यावर आमची बाग फळाला आली. पुढे पुढे सासूबाईच शेजारणींना सांगायला लागल्या, की विद्या पेटीतूनच आली होती, पण सून मोठी आतल्या गाठीची. मी काही बोलायचे नाही. एव्हाना माझ्या अंगठ्यालाही कळायला लागलं होतं. पान दुमडलं की अंगठाच सांगायचा, आज. कधी बाबांची आरोळी त्याच दिवशी यायची, कधी दुसऱ्या दिवशी. पण आरोळी आल्याशिवाय मी कधीही फावड्याला हात लावला नाही. चोराचा स्वतःच्या हातावर कुठला भरवसा!

गेल्या वर्षी दुसऱ्या महिन्यात बाबा गेले. आम्ही सगळ्यांनी डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, पण गावाने पाहिली ती थोआ. अशी धाय मोकलून रडली की शेजारणींनी तिला धरलं. मला कोणी धरलं नाही, मी शवपेटीशी दगडासारखी उभी होते. मागून एक म्हातारी म्हणाली, "सून असावी तर अशी." रडण्यातसुद्धा तिने पहिला नंबर काढला.

आणि मग बाबांवाचूनचा पहिला सहावा महिना आला. 'लुआचं झाड' या तेतला बाबांच्या तसबिरीपुढे उभं राहायचं होतं. ते फळावर आलं नसतं तर बाबांच्या पहिल्याच तेतला देवघर ओकंबोकं दिसलं असतं आणि सगळ्या गावाने ते पाहिलं असतं. ते झाड माझं, ते बाबा माझे, आणि त्या दोघांची लाज मिठागरातल्या पोरीच्या हातात. मला रात्री जेवण गोड लागेना.

थोआने उचलणी केली. मला खात्री होती की ती झाडं नदीच्या बाजूला नेणार. तिकडे सावली दाट आहे आणि माझ्या डोळ्यांपासून लांब. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण तिने सगळी झाडं वाहून आणली आणि बाबांच्या जागेवर, कुंपणालगत, ओळीने मांडली. पहिलंच 'लुआचं झाड', अगदी माझ्या नाकासमोर. मला खिजवायलाच, दुसरं काय!

दररोज पहाटे मी खुराड्यामागे. ती यायची, पान दुमडायची, कानाला लावायची, मग आमच्या बागेकडे टक लावून बघायची आणि आत जायची. इकडे आमच्या उचललेल्या झाडांची पानं मऊ पडली. एक दिवस अंगठा म्हणाला, आज. मी कुंपणापलीकडे पाहिलं. थोआने पान दुमडलं, इकडे पाहिलं आणि गेली आत.

"लुआ, पानं माना टाकायला लागली," बिन्ह म्हणाला. "लावूया का?"

"तिने कुठे लावलीत अजून?"

"तिची झाडं तिची, आपली आपली. मधे तिचं काय?"

"तुला काय कळतं त्यातलं? चहा पी."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आमची पानं गळायला लागली आणि मला एकदम सगळा उलगडा झाला, असं मला वाटलं. थोआला माहीत आहे की मी तिचं बघून लावते. तिला माझी बाग बुडवायची आहे. त्यासाठी ती स्वतःची झाडंसुद्धा मारायला निघाली आहे! बाई, किती खोल असावं माणसाने! एवढा कावा तर मलाही सुचला नसता.

त्या सकाळी वारा नव्हता, काही नव्हतं, आणि 'लुआच्या झाडा'ची पानं आपोआप खाली पडत होती. एक पडलं, दुसरं पडलं. मग मला राहवेना. मी कुंपणाचे दोन बांबू कडाकड मोडले आणि पलीकडे गेले.

थोआ झाडाशी उकिडवी बसली होती.

"काय चाललंय तुझं?" मी ओरडले. "माझ्यावर राग आहे ना? मग मला मार, झाडाला कशाला मारतेस?"

तिने वर पाहिलं. रडून रडून डोळे सुजलेले. "वन्सं! आलात! अरे देवा, मी तुमचीच वाट बघत होते."

"माझी? कशाला?"

"तुम्ही कधी लावता ते बघत होते. तुम्ही लावली की मी लावणार होते. पण तुम्ही लावेचनात! मला वाटलं, अजून वेळ असेल. वन्सं लावत नाहीत म्हणजे वेळ असणारच. रोज तुमच्या झाडांकडे बघायचे नि मनाला समजवायचे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तू माझ्याकडे बघत होतीस?"

"मग कोणाकडे बघू? मला कुठे काय येतं? इतकी वर्षं बाबांनी पान कानाशी धरलं, मी आपली हो हो म्हणत आले. मला कधीच काही ऐकू आलं नाही. वाजलं तरी तसंच, नाही वाजलं तरी तसंच. बाबांना ते माहीत होतं. शेवटच्या आजारपणात म्हणाले, थोआ, तुझं अडलं तर कुंपणापलीकडे बघ. लुआचा अंगठा माझ्यापेक्षा चांगला आहे."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? तुम्हीच सांगा, ही झाडं इथे आणून का ठेवायचे ते? सावली तर नदीकडे आहे. मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं, बाबा, एवढ्या लांब वाहायची कशाला, पाठ मोडते. तर म्हणाले, तिला दिसली पाहिजेत."

मी झाडांच्या ओळीकडे पाहिलं, मग पलीकडच्या खुराड्याकडे.

"आणि ते ओरडणं!" थोआ नाक पुसत म्हणाली. "त्यांचे कान काय गेले होते? मी स्वयंपाकघरात खांगच्या कानात काही बोलले तरी म्हातारबुवांना अंगणात ऐकू जायचं. ते माझ्यासाठी ओरडत होते होय? माझ्या तर कानठळ्या बसायच्या."

शेजारी एक रांजण पालथा होता, मी त्यावर बसले. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. माझे बाबा दरवर्षी सगळी झाडं पाठीवर वाहून माझ्यासाठी कुंपणाशी आणत होते, आणखी काय हवं होतं मला? पण आतून आग आग झाली. चोरून शिकले याची मला लाज होती, पण तेवढीच घमेंडही होती. बाबांनी दिलं नाही तर मी घेतलं. तेवढं एक माझं होतं, फक्त माझं. आता तेही त्यांनीच दिलेलं निघालं. आणि हे त्यांनी सांगितलं कोणाला? हिला! माझ्यावर जीव होता हेसुद्धा हिलाच सांगितलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मुलीला सांगता येत नाही ना. तोंडाने सांगितलं की दिल्यासारखं झालं असतं. दिसलं तर दिसलं, त्याला कोण काय करणार?"

"आणि तू? इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे!" तिने डोळे मोठे केले. "खुराड्यावरून तुमच्या टोपीचं टोक दिसायचं. बाबा आधी ते टोक आलंय का बघायचे, मगच पान तोडायचे. नसलं तर म्हणायचे, थांब, अजून भाजी निवडायला आली नाही."

हे मात्र फार झालं. मी उठले. रडू आलं होतं ते तिच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. "ते सगळं मग बोलू. पान दे इकडे."

तिने पान दिलं. मी दुमडलं. अंगठ्याला काही विचारावंच लागलं नाही, पान कागदासारखं झालं होतं. "परवाच लावायला हवी होती," मी म्हणाले. "खांग कुठे उलथलाय? बोलाव त्याला. बिन्हलाही हाक मार. फाटकाने नको, मोडलंय तिथूनच या म्हणावं."

आधी 'लुआचं झाड' लावलं. मग आमची, मग त्यांची, मग कोणाची कुठली काही हिशोब राहिला नाही. नदीचा गाळ कालवून कालवून हात कोपरापर्यंत लाल झाले. सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या आणि मोडलेल्या कुंपणात उभ्या राहून म्हणाल्या, "दोन घरांची विद्या आणि दोन्ही बागा मेल्यात जमा! वा गं शहाण्यांनो!" आम्ही दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बरीच झाडं गेली. लेकी तेतच्या दुसऱ्या दिवशी माहेरी जातात, तशी मी गेले. 'लुआचं झाड' देवघरासमोर उभं होतं, एका अंगाने उघडंबोडकं. थोआने ती बाजू भिंतीकडे केली होती. पुढच्या बाजूला थोडी पिकली फळं, त्याहून थोडी हिरवी, टोकाला जराशी पालवी. फूल मला दिसेना. थोआने न बोलता एक पान बाजूला केलं, त्याखाली एकुलतं एक पांढरं फूल होतं. ते तिला आधी सापडलं याचाही मला राग आला. मी उदबत्ती लावली, तसबिरीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात बाबांशी कडकडून भांडले. एकदा हाक मारून सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एकदाच?

माझी जळजळ गेली असं समजू नका. थोआने परवा सासूबाईंसाठी खारवलेले क्वात पाठवले आणि सासूबाई मिटक्या मारत म्हणाल्या, "हात आहे हो पोरीला." मला ते लोणचं दिवसभर झोंबलं, आणि मी तर चाखलंही नव्हतं.

आता पुन्हा सहावा महिना आहे. कुंपण आम्ही बांधून घेतलं, कारण शेवटी घरं दोन आहेत. मी बिन्हच्या घरची सून. या घरची विद्या मला पलीकडच्या घरी सांगता येत नाही, आणि तिलाही मला तसं विचारता येत नाही. या खेपेला मी आमची सगळी झाडं उचलून कुंपणाशी आणून मांडली.

"अगं, विहिरीकडे एवढी सावली आहे," बिन्ह कमरेवर हात ठेवून म्हणाला. "इतक्या लांब वाहायची कशाला?"

"तुला काय कळतं?" मी म्हणाले.

आज पहाटे गेले तर कुंपणापलीकडे, त्यांच्या लाकडांच्या ढिगाऱ्यामागे, एका टोपीचं टोक दिसत होतं. मी ते आधी नीट बघून घेतलं. मग पान तोडलं, हात उंच करून दुमडलं. पान वाजलं नाही, अर्धवट मिटून तसंच राहिलं. मी पाठ फिरवली नाही. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "आज लावायचं!"

घरातून सासूबाईंचा आवाज आला, "एवढं ओरडायला आम्ही काय बहिरे आहोत का?"